माहिती कक्षातले कर्णिक

कुमार कर्णिक यांची उभी नोकरी अणुऊर्जेच्या खात्यात, तीही माहिती कक्षात गेली, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला माहिती दिल्याचं ऐकिवात नाही. यात सगळा दोष त्यांचा होता असं नाही. देशात अणूशी संबंधित ज्या ज्या संस्था आहेत त्यांची निर्देशिका तयार करणं हे कक्षाचं काम. युरेनियम कोण खणतं, इंधन कोण बनवतं, अणुभट्ट्या कोण चालवतं, चालवणाऱ्यांवर लक्ष कोण ठेवतं, अहवाल कुठल्या ग्रंथालयात मिळतात, फोन कुणाला करायचा, सगळं तीत असे. पहिल्याच पानावर 'सर्वसामान्य नागरिकांच्या माहितीसाठी' असं ठळक छापलेलं असे, आणि सगळ्या प्रती कर्णिकांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात कुलपात असत. एखादा नागरिक वाट चुकून आलाच तर त्याला लेखी अर्ज करायला सांगत. अर्ज कुठल्या पत्त्यावर करायचा ते निर्देशिकेत दिलेलं होतं.

आता खरी गंमत सांगायची तर कर्णिकांना एकही गुपित ठाऊक नव्हतं. गुपितं जिथं होती त्या इमारतींची दारंसुद्धा त्यांनी आतून पाहिली नव्हती. पण कुणी काही विचारलं की मान किंचित तिरकी करून 'याबाबत मला काही सांगता येणार नाही' असं म्हणायची रीत त्यांना वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात शिकवली होती, आणि त्या वाक्यात 'मला माहीत नाही' आणि 'मला सगळं माहीत आहे' ही दोन्ही सुखानं नांदत होती. माणसं अर्थातच दुसरं ऐकत. कर्णिकांनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. असा गैरसमज फुकटात मिळत असेल तर कोण सोडतो?

निवृत्तीनंतर ते नवीन पनवेलला राहायला आले आणि ती रीतही सोबत आली. संध्याकाळी वडाळे तलावाभोवती फिरताना लोक त्यांना थांबवून विचारत. अमुक देशाकडे बॉम्ब आहे का, विजेचं बिल अणूमुळे कमी होणार का, विमानतळ झाल्यावर उलव्याच्या बाजूला लष्कराचं काही येणार का. कर्णिक मान तिरकी करत. लोक समजल्यासारखं हसत आणि घरी जाऊन सांगत की साहेब आतल्या गोटातले आहेत, पण तोंडातून अक्षर काढत नाहीत. घरीही तोच कारभार. पाहुणे कोण येणार, किती दिवस राहणार, हे बायकोला, रमाबाईंना, पाहुणे दारात उभे राहिल्यावर कळे. रमाबाई सुरुवातीला चिडत, मग थट्टा करू लागल्या, आणि पुढेपुढे त्यांनी विचारणंच सोडून दिलं.

मागच्या वर्षी रमाबाईंच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी सुरू झाली. डॉक्टर हेतल शाह या पनवेलजवळच्या आंबेखार गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅन्सर विभाग चालवत. त्यांनी पहिल्याच दिवशी 'थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं' असं म्हटलं, आणि लगेच धीरही दिला. केमो संपल्यावर काही आठवडे रोज किरणोपचार घ्यावे लागतील. त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, कारण तोवर आंबेखारमध्येच मशीन बसेल. त्याची खोली बांधून तयार होती. रमाबाईंना गाडी लागायची. केमोनंतर तर त्यांना कळंबोलीच्या सर्कलपर्यंतही मान वर धरून बसवत नसे. रोज मुंबईला जाऊन यायचं म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला होता. आंबेखार घरापासून रिक्षाच्या अंतरावर. त्या एका गोष्टीवर त्या बाई तग धरून होत्या.

कर्णिकांनी ही सगळी बाब गोपनीय ठेवली. सोसायटीत मणक्याचा त्रास असल्याचं सांगितलं. बंगळुरूच्या लेकीला, अनुयाला, ऑपरेशन झाल्यावर कळवलं, आणि ती रडून कोसळली तेव्हा तिलाही हे आपल्यातच राहू दे असं बजावलं. रमाबाईंचे केस गेले तेव्हा मात्र पंचाईत झाली. मणक्यानं केस जात नाहीत. मग कर्णिकांनी तिरुपतीला जाऊन आल्याची बातमी पसरवली. शेजारच्या वसुंधराताई प्रसादाचा लाडू मागायला आल्या, तेव्हा तो आणायला, तिरुपतीचा प्रसाद तिथं विकत मिळतो म्हणून, साहेब स्वतः दादरला जाऊन आले. रमाबाई डोक्याला रुमाल बांधून आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होत्या. त्यांना हसूही आलं आणि संतापही आला.

अशात एका रविवारी सकाळी भगवानशेठ भोपी घरी आले. हे आंबेखारचे. बापजाद्यांची मिठागरं आणि शेती रस्त्यात गेली, तेव्हा त्यांनी डंपर घेतले, पुढे तयार काँक्रीटचा कारखाना टाकला आणि उलव्यात निम्म्या इमारतींना माल पुरवला. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. तलावावर फिरताना कर्णिकांशी ओळख झालेली. माणूस सरळ, आणि पोटात काही राहायचं नाही. हॉस्पिटलच्या त्या खोलीला काँक्रीट त्यांनीच दिलं होतं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात किडा वळवळत होता. आयुष्यात त्यांनी पूल ओतले, पाण्याच्या टाक्या ओतल्या, पण एका खोलीला पुरुषभर जाडीची भिंत कधी ओतली नव्हती. आता त्या खोलीच्या दारावर पिवळी पाटी लागली होती, आणि पाटीवर अणूची ती तीन पात्यांची खूण होती.

"साहेब, तुमी खात्यातले. खरं काय ते एकदा सांगा," भगवानशेठ म्हणाले. "त्या खोलीत अणूचा काय माल ठेवनार हाय का? आमची पोरंबाळं हायेत तिथं."

जन्मात पहिल्यांदा कर्णिकांना कुणीतरी असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर हेतलनी स्वतः त्यांना ती खोली हिंडून दाखवली होती. आत अणूचा माल वगैरे काही येणार नव्हता. येणार होतं ते विजेवर चालणारं मशीन. बटण दाबलं की किरण, बंद केलं की काही नाही, मागे उरत काही नाही. भिंत जाड ती मशीन चालू असताना किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून. चहा गार व्हायच्या आत हे सगळं सांगून झालं असतं. पण ते सांगायचं तर आपण तिथं कशाला गेलो होतो हेही आलं. शिवाय ही माहिती द्यायला हॉस्पिटल आहे, नियामक मंडळ आहे. निवृत्त माणसानं परस्पर कशाला बोलावं? आणि खरं सांगायचं तर एवढा वजनदार माणूस आपल्या तोंडाकडे बघत बसलाय याचं त्यांना जरा बरंही वाटलं. मान आपोआप तिरकी झाली.

"याबाबत मला काही सांगता येणार नाही, भगवानशेठ."

भगवानशेठनी राहिलेला चहा संपवला, कर्णिकांचे दोन्ही हात हातात घेतले आणि साहेब, समजलो, असं म्हणून निघून गेले. कर्णिक नाश्त्याला बसले.

दोन दिवसांत आंबेखारच्या नाक्यावर 'अणुकचरा हटाव, गाव बचाव' असा फलक लागला. गावात एकच बोललं जात होतं. खात्याच्या साहेबांना विचारलं, आणि साहेब नाही म्हणाले नाहीत. कुणाला काही ठेवायचंच नसतं तर साहेब सरळ नाही म्हणाले नसते का? हे तर्कशास्त्र बिनतोड होतं. कर्णिकांनी हयातभर ते पोसलं होतं आणि त्यावर मानही मिळवला होता.

डॉक्टर हेतलचा फोन रमाबाईंनीच घेतला. मशीन परदेशातून न्हावा शेव्याला उतरलं होतं, पण गावकऱ्यांनी हॉस्पिटलचा रस्ता अडवला होता. येत्या ग्रामसभेत ठराव होणार. गाव विरोधात गेलं तर ट्रस्टची गावाशी वैर घ्यायची तयारी नव्हती. ते मशीन परस्पर त्यांच्या नाशिकच्या हॉस्पिटलात पाठवतील. फोन ठेवून रमाबाई नवऱ्यासमोर येऊन बसल्या. भगवानशेठ आले त्या सकाळी त्या आतल्या खोलीतच होत्या, आणि दार उघडं होतं.

"अहो, ग्रामसभेला जा आणि माझं सांगून टाका," त्या म्हणाल्या. "माझी बायको त्या मशीनवर उपचार घेणार आहे, एवढंच सांगा. मला त्यात काही लाज नाही."

कर्णिकांनी बघू म्हटलं, आणि ते कामाला लागले. त्यांना खरोखरच मनापासून वाटत होतं की आपण चूक केलीय आणि ती निस्तरायची आहे. फक्त निस्तरायची ती आपल्या पद्धतीनं. त्यांनी जपून ठेवलेली निर्देशिकेची प्रत काढली. नियामक मंडळाच्या संकेतस्थळावरून कागद छापून घेतले. देशभरातल्या अशा मशीनांची माहिती तिथं उघडी पडली होती, कुणीही बघावी अशी. कर्णिकांना ते बघून थोडं वाईटच वाटलं. आपण ज्या कपाटाच्या किल्लीसाठी रजा घेत नव्हतो ते कपाट आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये होतं, आणि तरी आंबेखारमधल्या एकाही माणसानं ते उघडून बघितलं नव्हतं. ते आले होते कर्णिकांकडे.

ग्रामसभा गावदेवीच्या मंडपात होती. बायकाही आल्या होत्या. पुढे सतरंजीवर म्हातारी माणसं, मागे खुर्च्यांवर शेठमंडळी. कर्णिक इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातीपासून सुरुवात केली. देशाचं अणुऊर्जेचं खातं काय करतं. त्याच्या हाताखाली कोण. संशोधन कुठं चालतं. नियामक मंडळ वेगळं का असतं. अशा खोलीचा नकाशा कोण मंजूर करतं, मंजुरीनंतर कोण तपासतं, चालवणाऱ्याला परवाना कोण देतं, त्याच्या छातीवर किरण मोजायचा बिल्ला का असतो आणि तो बिल्ला दर थोड्या दिवसांनी कुठल्या प्रयोगशाळेत जातो. इतकी माहिती त्यांनी आयुष्यात एका दमात कधी दिली नव्हती.

आणि दर नव्या संस्थेच्या नावासरशी मंडपातले चेहरे काळवंडत गेले. पहिल्या रांगेतली ठमाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिनं शेजारणीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की निरुपद्रवी मशीनला एवढे राखणदार लागतात होय. कर्णिकांनी तिला समजावलं की एवढे राखणदार आहेत म्हणूनच ते निरुपद्रवी आहे. याचा परिणाम फार वाईट झाला. मग भगवानशेठ उठले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, उलट जरा दुःखाचा होता.

"साहेबांना दोष देऊ नका," ते गावाला म्हणाले. "त्या दिशी मी इचारलं, तवा साहेब बोलले नाय. आज एवढं बोलतात. मदी वरून फोन आला आसंल. नोकरीतल्या मान्साचं आसंच आसतं, पेन्शन हाय त्यांची."

कर्णिकांनी फोन आला नसल्याचं सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. खरं बोलणाऱ्या कर्णिकांपेक्षा गप्प बसलेले कर्णिक गावाला जास्त खरे वाटत होते. मग भगवानशेठ दोन पावलं पुढे आले.

"ते ऱ्हाऊ द्या. येकच सांगा साहेब. तुमच्या घरचं मानूस त्या खोलीत तुमी झोपवाल का?"

उत्तर कर्णिकांच्या जिभेवर होतं. घरून निघताना रमाबाईंनी ते पुन्हा एकदा बजावलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं, बायकोचं नाव घ्यायचं होतं, आणि पहिल्या रांगेतली ठमाबाईच उठून म्हणाली असती की मग बसवा मशीन. पण कर्णिकांना एकदम मणका आठवला, तिरुपती आठवलं, वसुंधराताईंचा लाडू आठवला. मंडपाच्या कडेला त्यांच्याच सोसायटीतले दोघं उभे होते. सगळं खोटं एका वाक्यात उघडं पडणार होतं. त्यांनी हातातले कागद नीट जुळवले.

"हा माझा खासगी प्रश्न आहे," ते म्हणाले.

मशीनविरुद्धचा ठराव एकमतानं झाला. लोकांनी त्यांना गाडीपर्यंत मानानं पोहोचवलं, कारण साहेबांनी सांगता येत नसतानाही सांगायचं तेवढं सांगितलं, असंच सगळ्यांचं मत पडलं होतं. घरी रमाबाईंनी दार उघडलं आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्या ताटं घ्यायला आत गेल्या. पंधरवड्यात न्हावा शेव्यावरून मशीनचा कंटेनर निघाला आणि आंबेखारच्या फाट्यावरून न वळता सरळ नाशिकला गेला.

केमो संपली आणि मुंबईच्या खेपा सुरू करायची वेळ आली. भगवानशेठना कुणाकडून तरी कळलं की वहिनींना मणक्याच्या उपचारांसाठी रोज मुंबईला जावं लागणार आहे. ते स्वतः आपली मोठी गाडी घेऊन दारात हजर झाले. गावासाठी साहेबांनी एवढं केलं, आता वहिनींना टॅक्सीनं पाठवायचं म्हणजे आपल्याला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. कर्णिकांनी नको नको म्हणून पाहिलं. रमाबाई सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, कारण पुढे बसलं की गाडी जरा कमी लागते. कर्णिक मागे बसले.

वाशीच्या बरंच अलीकडे एका पुलावर वाहतूक तुंबली होती. भगवानशेठनी काच खाली केली, वहिनींना वारा लागेल असं बघितलं आणि सहज विचारलं की मुंबईला मणक्याला नेमकं काय करतात. मागून कर्णिकांनी घसा खाकरला. रमाबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि मांडीवर घेतला.

"मणका ठणठणीत आहे माझा," त्या म्हणाल्या. "मला कॅन्सर झालाय, भगवानभाऊ. तुमच्या गावात जे मशीन बसणार होतं ना, तसल्याच मशीनखाली झोपायला चाललेय मी."

भगवानशेठनी पुढची गाडी सरकली तरी आपली सरकवली नाही. मागून भोंगे वाजू लागले तेव्हा त्यांनी पूल ओलांडून गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि डॉक्टर हेतलना फोन लावला. फोनवर ते हात जोडून बोलत होते. मशीन परत आणा, भाडं मी भरतो, गावाला मी सांगतो, रस्त्यात मी आडवा पडतो, असं बरंच काही. डॉक्टरांनी सांगितलं की नाशिकला त्याची जोडणी सुरूसुद्धा झाली. भगवानशेठ परत येऊन बसले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी कर्णिकांना एक शब्दही ऐकवला नाही, आणि कर्णिकांना तेच सहन होईना. या माणसानं दोन शिव्या तरी हासडाव्यात असं त्यांना वाटत होतं.

गाडी पुन्हा चालू लागली. आता भगवानशेठ एकेक विचारत होते आणि रमाबाई सांगत होत्या. मशीनखाली किती वेळ झोपावं लागतं. दुखतं का. केस पुन्हा येतात का. त्या आडपडदा न ठेवता सांगत होत्या, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणून सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज मोकळा होत गेला. त्यांना गाडी लागलेली नव्हती. वाशी मागे पडल्याचंही त्यांना कळलं नाही.

मग भगवानशेठनी जरा चाचरत विचारलं की गाठ आहे हे कळलं कसं. रमाबाईंनी मांडीवरच्या रुमालाची घडी घातली.

"आंघोळ करताना हाताला लागली," त्या म्हणाल्या. "गणपतीत. डॉक्टरकडे गेलो ते संक्रांतीनंतर. मधले सगळे महिने मी कुणाला बोलले नाही. यांना सांगितलं असतं तर हे पहिल्यांदा म्हणाले असते, कुणाला सांगू नकोस. मग म्हटलं, यांनाच कशाला सांगा."

भगवानशेठनी आरशातून मागे बघितलं. कर्णिक दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. भगवानशेठना त्यांची दया आली असावी, किंवा नुसतं काहीतरी बोलायचं म्हणूनही असेल.

"आनि साहेब, तुमाला कवा कळलं?" त्यांनी विचारलं.

कर्णिकांची मान सरळ होती.

"मला आत्ता कळलं, भगवानशेठ," ते म्हणाले.